सैल ठेवलेला नट

वाफ्यांच्या तळाला पहिल्या भेगा पडल्या त्या दिवशी मुकादम आला. चपला बांधावर काढून तो मिठागरात उतरला, टाचेनं एक ढेकूळ फोडलं, चिमटीत चुरडलं आणि जिभेच्या टोकाला लावून पाहिलं.

"तळ मेला नाही अजून," तो म्हणाला. "पण मरायला टेकलाय. उद्यापासून उधाण. चार दिवस खाडी तुमच्या टाकीत येईल, मग दहा-अकरा दिवस तोंड दाखवायची नाही. या चार दिवसांत वरचे दोन वाफे भरा. नाही भरले तर मधला बांध काढून वाफे शेजाऱ्याला जोडून देणार. नियम काही मी केलेला नाही."

"नियम कुणीच केलेला नसतो," म्हातारा म्हणाला. "आपोआप उगवतो. मिठासारखा."

मुकादमानं हसायचं टाळलं. पत्र्याच्या शेडकडे एकदा पाहून त्यानं लगेच नजर काढून घेतली. "इंजिन चालू करणार कोण?"

म्हाताऱ्याची सून वाफा तुडवत होती. तिनं पाय थांबवले नाहीत. धाकटा मुलगा फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. शहरातल्या गॅरेजमधली नोकरी सोडून तो आठ दिवसांपूर्वी घरी आला होता. आल्यापासून त्यानं बांध लिंपले होते, टाकीतला गाळ उपसला होता, पन्हळ सारखी केली होती. शेडमध्ये मात्र त्यानं अजून पाऊल टाकलं नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

"मग ठीक," म्हणून मुकादम निघाला. चपला पायांत घालायचं त्याला बरंच पुढे गेल्यावर आठवलं.

शेडमधलं इंजिन एका मोटारीचं होतं. मोटार कधीच भंगारात गेली होती. तिचं चार सिलिंडरचं इंजिन थोरल्या मुलानं दगडी ओट्यावर बसवलं होतं आणि पट्ट्यानं पंपाला जोडलं होतं. भरतीचं पाणी टाकीत येई, पंप ते पुरुषभर उंचीवरच्या पन्हळीत चढवी, तिथून ते वाफ्यांत उतरे. गेल्या हंगामाच्या अखेरीस, एका सकाळी, थोरल्यानं इंजिनला हँडल मारलं आणि हँडल उलटं आलं. ते त्याच्या बरगडीखाली बसलं. तो टाकीच्या कडेवर पडला. डॉक्टरांनी सांगितलं की प्लीहा फुटली आहे. तिसऱ्या दिवशी तो गेला.

अपघाताच्या आठ दिवस आधी धाकटा दोन दिवसांच्या रजेवर आला होता आणि जाताना त्यानं इंजिनचं टायमिंग लावून दिलं होतं. टायमिंग फार आधीचं लागलं, म्हणजे पिस्टन वर पोचण्यापूर्वीच ठिणगी पडू लागली, तर हँडल उलटं येतं. हे गॅरेजमधल्या कोणालाही ठाऊक असतं आणि आता ते या घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. ते कोणी उच्चारलं नव्हतं.

दुपारी धाकट्यानं शेडचं दार ओढलं. बिजागऱ्या मिठानं खाल्ल्या होत्या. दार अर्धं उघडलं आणि अर्धं हातात आलं. ताडपत्री काढली तेव्हा इंजिनच्या कुशीत, डिस्ट्रिब्युटर बसतो त्या जागी, नुसतं भोक दिसलं. त्यात चिंधी कोंबलेली होती. भोकाशेजारी पकडपट्टी तशीच राहिली होती आणि तिच्या बोल्टवर दोन कानांचा नट होता, पान्याशिवाय बोटांनीच फिरवता येतो तसला. धाकट्यानं तो काढून तळहातावर घेतला. त्यानं स्वतः साधा नट लावला होता, खाली वॉशर घालून, पान्यानं आवळून. हा त्यानं लावलेला नव्हता. त्यानं तो खिशात टाकला.

म्हातारा दाराशी येऊन बसला. गुडघ्यांत वारा शिरल्यापासून तो बसताना आधी हात जमिनीला लावी आणि मग उरलेला खाली येई.

"डिस्ट्रिब्युटर मीच उपटला," म्हातारा म्हणाला. "अंत्यविधी करून आलो आणि उपटला. म्हटलं, याचं काळीज काढून ठेवतो, मग बघू कसा कुणाला मारतो."

"कुठे टाकलात, आबा?"

"टाकला बांधापलीकडे. सूनबाईनं उचलून आणला." म्हाताऱ्यानं नखानं ओट्यावरचं मीठ खरवडलं. "आदल्या दिवशी संध्याकाळी इंजिन छान चालत होतं बघ. खालचा बांध फुटला, थोरला फावडं घेऊन धावला, मी त्याच्या मागे. इथं सूनबाईच होती, तिनंच बंद केलं. काळोख पडेस्तोवर आम्ही बांध धरला. सकाळी तो आला, पहिलंच हँडल मारलं. पहिलंच. त्यालाही घाई होती, वर ओढायचं सोडून खाली दाबलं असणार. पाणी टाकीत आलं होतं ना."

धाकट्यानं हँडल पुलीत बसवलं आणि पाव फेरा ओढून सोडलं. हँडल क्षणभर थांबलं, मग कोणी हात न लावता सावकाश मागे आलं.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं. "असंच करतंय ते. मी दोनदा पाहिलंय."

"सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, आबा. ती पिस्टनला परत ढकलते."

"तू म्हणतोस तर हवा."

हवाच होती. धाकट्यानं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच झालं. कारण कळल्यामुळे हँडलचं मागे येणं काही थांबत नव्हतं.

वहिनी गाठोडं घेऊन आली. ते थोरल्याच्या सदऱ्याचं होतं. गाठ सोडल्यावर सदरा खाली पडला नाही. वर्षभरापूर्वीच्या खाऱ्या घामानं तो इतका ताठ झाला होता की खांदे आणि एक कोपर जसेच्या तसे उभे राहिले. आत डिस्ट्रिब्युटर होता. कोणत्या सिलिंडरला ठिणगी द्यायची आणि केव्हा, हे ठरवणारं मूठभर यंत्र. वर चार वायरींची काळी टोपी, खाली दांडा, दांड्याच्या टोकाला तिरप्या दातांचं चाक.

"सदरा तुम्ही ठेवा," धाकटा म्हणाला.

"मला तेवढाच हवा होता," ती म्हणाली. तिनं तो घडी न घालता उचलला, कारण घडी बसली नसती.

त्यानं यंत्र रॉकेलमध्ये बुडवून घासलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्सवरची काजळी कानसली, त्यांच्यामधली फट फीलरच्या पातळ पात्यानं मोजली. खालच्या कडेवर एक रेघ निघाली. ती त्याचीच होती. टायमिंग लावल्यावर त्यानं खिळ्यानं एक सरळ रेघ ओढली होती, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर आणि अर्धी इंजिनच्या अंगावर, म्हणजे पुढेमागे काढावं लागलं तर दोन्ही अर्धी जुळवता येतील. इंजिनच्या अंगावर मिठाचा पापुद्रा होता. त्यानं अंगठ्याएवढी जागा पुसली. दुसरी अर्धी रेघ तिथं होती. त्या वेळी मोठ्या ऐटीत तो दादाला म्हणाला होता, "आता याला हात लावू नकोस. नट सैल ठेवून इंजिन चालवतोस, लोक हसतील." दादा म्हणाला होता, "लोक लांब राहतात रे." आणि हसला होता.

आता तो ती दोन अर्धी जुळवणार होता आणि दिवा लावून पाहणार होता की रेघ बरोबर होती की चूक. वाफे भरायचे होते हे खरंच. पण आठ दिवस त्याचे पाय शेडकडे वळत नव्हते ते वाफ्यांमुळे नव्हे.

"वहिनी, इथं अंगठा धरा." त्यानं पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला होता. "पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा दाबत येतो, एकदा नुसताच. दाबत येतो तेव्हाच ठिणगी हवी. हवा अंगठा उचलेल, तेव्हा सांगा."

तिनं अंगठा भोकावर ठेवला. मीठ तुडवून तिच्या अंगठ्याची कातडी फाटलेली होती, चिरांमध्ये पांढरं बसलं होतं. त्यानं हँडल सावकाश ओढलं. पिस्टन अगदी वर पोचल्याची पुलीवरची खाच वर येत येत इंजिनवरच्या काट्यासमोर थांबली.

"आली हवा?"

वहिनीनं अंगठा काढून घेतला आणि कमरेच्या फडक्याला पुसला. काही बोलली नाही.

नाही म्हणजे पुढचा फेरा. दोहोंतलं एक गेलं की उरतं ते दुसरं, हा हिशेब सरळ होता. त्यानं इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवलं, खाच पुन्हा काट्यासमोर आणली आणि डिस्ट्रिब्युटर भोकात उतरवला. दात तिरपे असल्यामुळे खाली जाताना आतला रोटर वळतो, म्हणून तो आधीच थोडा मागे धरावा लागतो. पहिल्या खेपेस तो एक दात पुढे गेला. दुसऱ्या खेपेस बोटभर वरच अडला. तळातल्या तेलपंपाच्या खाचेत दांडा बसेना. लांब पेचकसानं त्यानं खाच वळवली. तिसऱ्या खेपेस यंत्र कट् आवाज करून बसलं आणि रोटरचं टोक पहिल्या वायरीकडे पाहू लागलं. त्यानं रेघ रेघेला जुळवली, नट आवळला, टोपी चढवली, शहरातून आणलेली बॅटरी जोडली, प्लग बसवला.

म्हातारा उठून उभा राहिला. "लांब उभा राहून मार."

"लांब उभं राहून हँडल मारता येत नाही, आबा."

अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून त्यानं हँडल वर ओढलं. इंजिन खोकलं. कार्ब्युरेटरच्या तोंडातून वीतभर निळी ज्योत बाहेर आली आणि आत गेली. पुन्हा ओढलं, पुन्हा खोकलं; कोरडं, दोन तुकड्यांत, शेवटी ओढ घेतल्यासारखं.

तिघांनीही तो खोकला ओळखला. थोरला पहाटे टाकीवर जाताना असाच खोकायचा आणि घरातली माणसं त्यावरून वेळ ओळखत.

"तो नको म्हणतोय," म्हातारा म्हणाला.

"ठिणगी भलत्या वेळी पडतेय. आतला वायू उलट्या वाटेनं पेटतोय. बाकी काही नाही."

"मी कुठं बाकी काही म्हणालो? नको म्हणतोय एवढंच म्हणालो."

वहिनी शेडमधून निघून गेली होती. वाफ्यात तिची पावलं पडू लागली, एकसारखी, चिकट. धाकट्यानं हँडल काढून ओट्यावर आडवं ठेवलं. निघताना मागे वळून पाहू नये असं त्याला वाटलं. त्यानं मुद्दाम पाहिलं. हँडल तिथंच होतं.

उधाणाचा पहिला दिवस बांधावर गेला. रात्रीतून खेकड्यांनी पोखरलेल्या दोन ठिकाणी पाणी पाझरू लागलं, आणि खाडीचं पाणी टाकीत शिरण्याऐवजी खालच्या खाजणात जाऊ लागलं. तिघं कमरेइतक्या चिखलात उभी राहून गवताच्या पेंढ्या कोंबत होती. उन्हानं पलीकडचा किनारा जमिनीपासून सुटून हवेत तरंगत होता आणि त्यावर एक माणूस उलटा उभा दिसत होता. तो शेजारच्या मिठागराचा खांब होता. धाकट्यानं दोनदा निरखून पाहिलं. खांब नेहमीच्याच जागी होता. शेजारी आपल्या बांधावर बसून त्यांच्या बांधाकडे पाहत होता. वाईट माणूस नव्हता. फक्त पाहत होता.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली. सकाळी धाकटा पुन्हा शेडमध्ये गेला तेव्हा वहिनी आधीच इंजिनजवळ उभी होती.

"भाऊजी, परवा मला हवा लागली होती."

"केव्हा?"

"पहिल्यांदा. तुम्ही विचारलंत तेव्हा." ती अंगठ्याकडे पाहत होती. "गरम होती. कुणीतरी फुंकर घालावी तशी. मला बोलवेना."

म्हणजे यंत्र अर्धा फेरा उलटं बसलं होतं. खोकल्याचं कारण इतकंच होतं. धाकट्याला राग यायला हवा होता, आला नाही.

"आज बोला."

तिनं अंगठा ठेवला. खाच जवळ येताच म्हणाली, "आली," आणि नंतरही अंगठा बराच वेळ काढला नाही.

यंत्र काढलं, रोटर अर्धा वळवला, पुन्हा बसवलं. वहिनी वाफ्याची मोरी उघडायला गेली. आता दिवा उरला होता. मोटारीच्या मागच्या दिव्यातला बल्ब, त्याला दोन तारा. एक कॉइलला, एक इंजिनच्या अंगाला. पॉइंट्स उघडतात त्या क्षणी, म्हणजे ठिणगी पडते त्या क्षणी, बल्ब लागतो. तो खाचेच्या आठ अंश आधी लागायला हवा. या पुलीवर आठ अंश म्हणजे एक सेंटिमीटर. तीस अंश आधी लागला, तर रेघ ओढणाऱ्यानं भाऊ मारला.

त्यानं पुलीवर खडूनं एक सेंटिमीटर मोजून खूण केली. मग हँडल एका हातानं, केसाएवढं केसाएवढं, ओढत आणलं. बल्ब विझलेला होता. खूण काट्याजवळ आली. बल्ब विझलेला होता. खूण काट्याला लागली आणि बल्ब लागला.

तो तसाच उभा राहिला. मग फेरा पूर्ण करून पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा बल्ब खडूच्या रेघेवरच लागला. एका निरीक्षणावर विसंबू नये हे त्याला गॅरेजमध्ये शिकवलं होतं. पण तिसरी खेप त्यानं केली ती केवळ पाहत राहावंसं वाटलं म्हणून.

रेघ बरोबर होती. मग हँडल उलटं का आलं?

त्यानं खिशातून तो कानांचा नट काढला. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवून इंजिनच्या अंगावरचा सगळा पापुद्रा घासून काढला. त्याच्या रेघेच्या डाव्या बाजूला, सहा मिलिमीटरवर, आणखी एक खूण होती. चाकूच्या टोकानं केलेली, आखूड, खोल. दादा खिळा वापरत नसे. त्याच्या कमरेला चाकू असे.

डिस्ट्रिब्युटर तिथपर्यंत वळवून त्यानं पुन्हा बल्ब पाहिला. तो खडूच्या बऱ्याच आधी लागला. मोजलं. तीस अंश.

पुढचं त्याला पायरीपायरीनं कळत गेलं. कधी नव्हे ते पायऱ्या कमी असाव्यात असं त्याला वाटलं. इंजिन वेग घेतं तेव्हा ठिणगी आपोआप आधी पडावी यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं असतात. ती फाकतात आणि रोटर पुढे सरकतो. रोटर बोटांनी किंचित वळवून सोडला की परत आला पाहिजे. त्यानं वळवून पाहिला. तो दगडासारखा होता. पत्रा सोडवून आत पाहिलं तर मीठ आणि गंज यांनी दोन्ही वजनं जागीच बसवून टाकली होती, आणि तो गंज एका वर्षाचा नव्हता. अशा इंजिनला पाणी चढवताना दम पुरत नाही. दादानं त्यावर आपला उपाय काढला होता. चालू करताना यंत्र मागे, चालू झालं की हातानं पुढे. म्हणून नट सैल. म्हणून कानांचा नट. धाकट्यानं तो सैल नट पाहिला होता, त्याला हसला होता आणि आवळून टाकला होता. सैल का आहे हे विचारलं नव्हतं. वजनंही तपासली नव्हती.

तो शहरात परतल्यावर दादानं आपला नट परत लावला. पण धाकट्याची रेघ खोडली नाही. चालू करण्याची खूण म्हणून तीच ठेवली आणि चालवण्याची खूण शेजारी कोरली. रोज संध्याकाळी इंजिन बंद केलं की यंत्र डावीकडून उजवीकडे, धाकट्याच्या रेघेवर आणून ठेवायचं. मग सकाळी पहिलंच हँडल बेधडक मारायचं.

आणि शेवटच्या संध्याकाळी दादा बांधावर होता. इंजिन वहिनीनं बंद केलं.

बाहेर वहिनीची पावलं ऐकू येत होती. तिचं नि त्याचं वर्षभरातलं बोलणं मोजलं असतं तर दोन पानं भरली नसती. आपल्याला ती दोष देते म्हणून बोलत नाही, असं तो समजत आला होता. आता तिला सांगता आलं असतं की दोष माझा नाही. पण लगेच दुसरं वाक्य बोलावं लागलं असतं.

त्यानं कानस घेतली आणि चाकूची खूण घासू लागला. बिडाचं अंग कठीण होतं. खूण खोल होती. खूण गेली तेव्हा तिथं चकचकीत डाग उरला. त्याला त्यानं ग्रीस फासलं.

"काय निघालं?" वहिनी दारात होती. तिच्या मागे म्हातारा.

"माझी रेघ चुकली होती," धाकटा म्हणाला. "टायमिंग फार आधीचं लागलं होतं. आता बरोबर केलंय."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "लहानपणी घड्याळं उघडायचास. एकही परत लागलं नाही."

"हो, आबा."

"बोललास ते बरं केलंस," म्हातारा म्हणाला आणि वाळलेल्या हातानं त्याच्या दंडाला धरलं; मारायला की आधाराला, ते दोघांनाही ठरवता आलं नाही.

वहिनी ग्रीसच्या डागाकडे पाहत होती.

वजनं सुटायला दुपार झाली. रॉकेल, तेल, हलके ठोके, पुन्हा रॉकेल. शेवटी रोटर वळवून सोडला तेव्हा तो टिक् करून जागेवर आला. त्यानं यंत्र बसवलं, रेघ रेघेला लावली, बल्बनं पाहिलं, वॉशर घालून साधा नट पान्यानं आवळला. मग हँडल हातात घेतलं.

म्हातारा शेडमधून बाहेर गेला आणि पाठ करून उभा राहिला. वहिनी हलली नाही.

धाकट्याच्या बरगडीखालची एक जागा आपोआप आवळून आली, नेमकी तीच. त्यानं अंगठा बोटांच्या बाजूला घेतला, पाय रोवले आणि वर ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. एक दम, मग शांतता. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. हँडल सुटून त्याच्या हातात आलं आणि शेडचा पत्रा थरथरू लागला. त्यानं वेग वाढवला. आवाज जड व्हायच्या ऐवजी मोकळा झाला. पट्टा चढवला. पन्हळीत आधी हवा, मग घाण, मग एक मेलेला खेकडा, मग मनगटाएवढी पाण्याची धार.

"आलं," म्हातारा बाहेरून म्हणाला. पाठ अजून त्यांच्याकडेच होती.

दोन दिवस इंजिन चाललं. तिघं आळीपाळीनं वाफ्यात उतरून पाणी पायांनी सारखं पसरवत राहिली. भेगा आधी बुडबुडे सोडत आणि मग बुजत. मुकादम येऊन बांधावरून पाहून गेला. "शेजाऱ्यानं बांध काढायला कुदळी घासून ठेवल्यात," तो म्हणाला. "आता लोणचं घाला म्हणावं त्यांचं."

उधाणाच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी, दोन्ही वाफे काठोकाठ भरल्यावर, वहिनी शेडमध्ये आली. धाकटा पट्ट्याजवळ बसला होता.

"बंद करू?"

"करा."

तिनं बटण ओढलं. इंजिन दोन फेरे घेऊन थांबलं. पुली किंचित मागे आली आणि स्थिर झाली. शेड इतकी गप्प झाली की वाफ्यांतलं पाणी ऐकू येऊ लागलं. मग वहिनीनं उजवा हात कमरेच्या फडक्याला पुसला. आधी तळहात, मग बोटांच्या मधल्या जागा, मग पुन्हा तळहात. आणि हात पुढे करून तिनं डिस्ट्रिब्युटर धरला आणि उजवीकडे वळवला.

तो वळला नाही. तिनं पुन्हा जोर लावला.

"आता फिरत नाही तो," धाकटा म्हणाला. "घट्ट केलाय. आत वजनं आहेत, ती आपली आपण फिरवतात. हातानं करायची गरज नाही."

तिनं हात काढला नाही. धातू चांगलाच तापलेला होता.

"रोज मी इथंच उभी असायचे," ती म्हणाली. "ते बटण ओढायचे, मग हे यंत्र उजवीकडे, तुमच्या रेघेवर. मला शिकवलं होतं. म्हणायचे, धाकट्याची रेघ म्हणजे हद्दीचा सरकारी दगड, तिथंच आणून ठेवायचं."

"वहिनी —"

"त्या दिवशी हात ओले होते. ओल्या हातानं धरलं की झटका बसतो, एकदा बसला होता. म्हटलं, हात पुसून येते आणि करते. तेवढ्यात बांधावरून हाक आली. रात्री सांगायचं होतं. ते ताटावरच झोपले. सकाळी मी उठले तेव्हा खोकल्याचा आवाज गेला होता पुढे."

"मी परवा सांगितलं ना, रेघ माझी —"

"सांगितलंत. आबांनी ऐकलं, बरं झालं. मी कानसही ऐकली होती."

धाकटा म्हणाला, "आत गंज होता. मी आलो तेव्हाही होता. मी पाहिला नाही. पाहिला असता तर दादाला हे हातानं करावंच लागलं नसतं."

"मला ते ठाऊक नव्हतं."

"मला ठाऊक असायला हवं होतं."

बांधावरून म्हातारा ओरडला, "का रे बंद पडलं?"

"बंद केलंय, आबा," वहिनी म्हणाली. "भरले वाफे."

तिनं हात काढला तेव्हा इंजिन बऱ्यापैकी निवलं होतं.

सकाळी टाकीतलं उरलंसुरलं पाणी उपसायला धाकटा एकटाच शेडमध्ये आला. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर चार बोटं उमटली होती, पांढरी, स्वच्छ, पेरांच्या रेषांसकट. मिठागरातला हात कितीही पुसला तरी त्यावर मीठ राहतंच, आणि तापलेल्या धातूवर ओल वाळली की मीठ मागे उरतं. यात नवल काही नव्हतं. त्यानं चिंधी हातात घेतली होती; ती परत खुंटीला अडकवली. मग वाकून हँडल बसवलं, अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि वर ओढलं.